कडी नसलेला चाकू

चाकू मी अक्काच्या हातात दिला नाही. दगडावर ठेवला. धुण्याचा दगड होता तो, साबणानं आणि शेवाळानं गुळगुळीत झालेला, कालव्याकडे उतरता. अक्का, माझी मोठी बहीण, छातीइतक्या पाण्यात होती. तिच्या डाव्या मनगटाला दाव्याचे दोन वेढे बसले होते आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला आमची तांबू गाय पाण्याच्या ओढीत पुढं निघाली होती. घाटाच्या कडेला रोवलेला लोखंडी खांब अक्काच्या डाव्या काखेत अडकला होता, म्हणून ती अजून तिथं होती. उजवा हात मोकळा होता. तो तिनं माझ्याकडे लांबवला आणि म्हणाली, "चाकू दे, कौशे. उघडून दे." मी उघडला. वाकले. तिची बोटं माझ्या बोटांपासून वीतभर लांब होती. आणि मी चाकू तिच्या बोटांत न देता तिच्यापुढं दगडावर ठेवला. तो घसरला. सावकाश घसरला, ताटातून गुळाचा खडा घरंगळावा तसा. अक्कानं पंजा मारला तो नुसत्या दगडावर बसला. चाकू पाण्यात गेला, त्याचा आवाजही झाला नाही. अक्कानं पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं," एवढंच म्हणाली.

हे आधी लिहून टाकलं. कुठूनही सुरुवात केली असती तरी मी तिथंच येऊन थांबले असते.

आमचं घर न्हावऱ्याला, गावापासून जरा लांब, मळ्यातच. तीन खण घर, पुढं पडवी, पडवीला लागून गोठा. कांदा असायचा, भाजीपाला असायचा, आणि दोन वाफे शेवंती. शेवंती बाजाराला जायची तेव्हा घरभर तिचाच वास, भाकरीलासुद्धा. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा. कांदा आमच्यात कुणी बुक्कीनं फोडत नसे. आबा, म्हणजे आमचे वडील, बंडीच्या खिशातून घडीचा चाकू काढायचे, पातं धोतरावर पुसायचे आणि कांद्याचे चार भाग करायचे. एकेक भाग एकेकाच्या भाकरीवर. जेवण झालं की चाकू मिटायचे. टक. तो टक झाल्याशिवाय कुणी ताटावरून उठत नसे. आई म्हणायची, "देवळात घंटा, आन् आमच्यात चाकू."

चाकूशिवाय आमच्या घरातलं माणूस दाराबाहेर पडायचं नाही. फुलांचे देठ कापायला, सुतळी तोडायला, उसाचं कांडं सोलायला, पायातला काटा काढायला, गोणीचं तोंड उसवायला, सगळ्याला तोच. आबांचा एक, आईचा एक, अक्काचा एक. चाकूचे दोन नियम होते. एक, काम झालं की पुसून मिटायचा. दुसरा, चाकू हातातून हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. हातात दिला तर देणाऱ्या-घेणाऱ्यात तेढ येते असं आई सांगायची. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. तालुक्यातल्या निम्म्या घरांत अजून तसंच करतात. माझ्या घरात नाही. माझ्या घरात चाकू, विळी, कात्री, काय असेल ते समोरच्याच्या हातात द्यायचं आणि त्यानं धरलं की मगच सोडायचं. दोन्ही सुनांना पहिली काही वर्षं वाटायचं, सासू मुद्दाम भांडण लावते. लावेना का.

माझी चौथी झाली आणि शाळा सुटली. अंगानं वाढले, फुलं तोडायला जायला लागले, तेव्हा आबा म्हणाले, "चल तळेगावच्या बाजाराला. तुला चाकू घेऊ." मी परकर-पोलक्यात होते. आईनं परकराला आतून खिसा शिवून दिला, दुहेरी कापडाचा. एसटीच्या टपावर शेवंतीच्या पाट्या आणि आत आम्ही दोघं. अक्कापण येणार होती, पण तिला बघायला पाहुणे यायचे होते म्हणून आईनं तिला ठेवून घेतलं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात एक चाचा बसायचे, गोणपाटावर चाकू, कात्र्या, अडकित्ते मांडून. आबांनी त्यांच्यापुढं बैठक मारली आणि तासभर हलले नाहीत. एकेक चाकू उघडायचे, कानाजवळ धरून मिटायचे. पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. पातं उघडं ठेवून डावी-उजवीकडे हलवायचे, हललं की बाजूला. शेवटी दोन राहिले. एक शिसवी मुठीचा, जाड, काळा, मागच्या टोकाला पितळेची कडी. दुसरा बारीक, मुठीला गुलाबी पत्रा, शिंपल्यासारखा चमकणारा, हातात वळवला की रंग बदलायचा. कडी नव्हती.

"हा घे," आबा काळा पुढं करत, म्हणजे गोणपाटावर ठेवत, म्हणाले. "कडीला दोरी बांध, दोरी कमरेला. खिसा फाटतो, हात सुटतो, दोरी न्हाई सुटत."

मी गुलाबी उचलला.

आबांनी चाचांच्या तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं. "आता धर. ओल्या हातात कसा बसतो ते बघ." गुलाबी चाकू हातात मासळीसारखा फिरला. मी घट्ट धरून म्हटलं, "बसतोय की."

चाचा हसले. "बेटी, ये तो दिखाने का है. काम का वो काला."

"मला ह्योच पायजे."

आबा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "रोज तुला वागवायचाय. तूच ठरव. मागनं रडायचं न्हाई." आणि पैसे दिले. मी येताना सगळ्या वाटेत तो उन्हात फिरवत होते. घरी अक्कानं बघितला आणि म्हणाली, "हा चाकू हाय का आरसा? कुंकू लावून घे त्यात." मग स्वतःच पाच वेळा उघडून मिटून बघितला.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव सुभद्रा, पण मी धरून सगळे अक्काच म्हणायचे. फार देखणी वगैरे नव्हती. दात पुढं होते. हात मात्र असा होता, की ती वाफ्यातून फुलं काढत गेली की मागं एक कळी दुखावलेली दिसायची नाही. ती मला वेणी घालायची, मारायचीही. आम्ही एका वाकळीत झोपायचो. त्या पाहुण्यांनी तिला पसंत केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती खुटबावला नांदायला गेली. आबांनी तिला आंदण म्हणून तांबू दिली. भीमेपलीकडं खुटबाव, आबा गाईला चालवत घेऊन गेले, पूल ओलांडून, अख्खा दिवस. सगळ्यांनी वाहवा केली. पण चालत गेली म्हणूनच तांबूला परतीची वाट पाठ झाली.

पहिल्याच पंधरवड्यात तांबू अक्काच्या मुठीतून दावं हिसडून पळाली. संध्याकाळी पुलाच्या अलीकडं सापडली. अक्काची सासू दारात बसून चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्यारची गाय माह्याराची वाट धरती. आता सून कवा जाती ते बघायचं." हे मला अक्कानं सांगितलं. मी पुढं तिच्याकडं राहायला गेले होते, त्यांचीही शेवंती होती आणि तोडणीला हात कमी होते. सासू वाईट बाई नव्हती. तिची जीभ वाईट होती. दोन्हीत फरक असतो हे मला आता, स्वतः सासू झाल्यावर, पटतं.

तर अक्का दावं मनगटाला गुंडाळायला लागली. दोन वेढे. आमच्या घरात हे चालत नसे. जनावर मुठीत धरायचं, मनगटात नाही, हे आबांनी आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. मी तिला म्हटलंही, "अक्का, आबा बघतील तर हाणतील."

"आबांना काय जातंय? त्यांना ऐकावं लागत न्हाई इथं. परत सुटली तर मी तोंड कुठं लपवू?"

त्या घरी मला करमायचं. विहिरीचं पाणी खारं होतं, चहा मचूळ लागायचा, पण अक्का कण्या करायची त्या आमच्या आईसारख्याच, वर ताक आणि मीठ. दुपारी आम्ही दोघी गोठ्याच्या सावलीत उसाचं कांडं सोलून खायचो. तिचा चाकू सासरी आल्यावर नवऱ्यानं घेतला होता, म्हणून माझाच दोघींत. एकदा कांडं सोलता सोलता मी चाकू सरळ तिच्या हातात दिला. तीही घेऊन बसली. दोघींच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. तिच्या सासूनं मला सहज विचारलं, "तुझी बहीण हितं रमली का गं?" आणि मी सांगितलं, की ती कधी कधी चुलीपुढं रडते. मला वाटलं, सासूला दया येईल. सासूनं त्याच दिवशी अक्काला सुनावलं, "काय कमी केलं आमी तुला, बहिणीपुढं रडून आमची अब्रू घालवायला?" अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. तीन दिवस. मला वाढायची, माझ्या अंथरुणाची घडी घालायची, पण एक शब्द नाही. मी तिच्यामागं मांजरासारखी फिरले. माझ्या आयुष्यात पुढं बरंच काही झालं, नवरा गेला, एक मूल गेलं, पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही शेवंतीत होतो. ती पुढच्या वाफ्यात, मी मागच्या. एकाएकी ती वळून म्हणाली, "कौशे, तू मला त्या दिवशी चाकू हातात दिलावतास."

मला आठवलं. मी मान हलवली.

"मग त्यामुळंच झालं. तुझं काय न्हाई त्यात. चाकवानं झालं." आणि हसली, पुढचे दात दिसले. "परत हातात दिलास तर बघ. खाली ठेवायचा. तुझी-माझी परत तेढ नको."

तिला मला माफ करायचं होतं आणि सरळ माफ केलं म्हणायला तिची जीभ वळत नव्हती, म्हणून तिनं दोष चाकूवर घातला. हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. तेव्हा मी एवढंच समजले, की वाचले. मनात गाठ मारली, की काही झालं तरी अक्काच्या हातात चाकू द्यायचा नाही. त्या सकाळी फुलं बांधताना मी चार वेळा चाकू खाली ठेवला आणि चारही वेळा ती माझ्याकडं बघून हसली.

त्याच दिवशी चार वाजता आम्ही तांबूला पाण्यावर नेली. खारं पाणी ती पीत नसे, म्हणून रोज कालव्याच्या घाटावर न्यावी लागायची. एरवी कालव्यात गुडघाभर पाणी असायचं. त्या दिवशी वरून पाणी सोडलेलं होतं, कालवा काठोकाठ, मातकट, बघताना थांबल्यासारखा दिसायचा आणि काटकी टाकली की दिसेनाशी व्हायची. अक्का म्हणाली, "पाजून लगीच फिरू." तांबूनं दोन पायऱ्या उतरून तोंड लावलं. अक्का तिच्याजवळ, खालच्या पायरीवर. मी वर, दगडाशी. घाटाशेजारच्या पुलावरून खडीचा ट्रक गेला आणि त्यानं भोंगा वाजवला. एवढंच झालं. तांबू दचकून पुढं गेली, पुढं पायरी नव्हती.

गाय पोहते. पण ओढीला पोहते, दुसरीकडं नाही. अक्का ओढली गेली आणि खांब तिच्या काखेत आला. वेढे मनगटात इतके रुतले, की बोटांनी निघणारे नव्हते. तिनं एकदा प्रयत्न केला, मग तिला माझ्या खिशाची आठवण झाली. ती घाबरलेली वाटली नाही. फुलं बांधायला सुतळी मागावी तसा चाकू मागितला. मला तो उघडायला वेळ लागला नाही. पातं उघडणारी आतली पट्टी चांगली होती त्याची, एवढं त्या चाकूबद्दल चांगलं सांगते.

मग मी तो खाली ठेवला. विचार करून नाही. विचार केला असता तर दिला असता. त्या सकाळी चार वेळा केलं तेच पाचव्यांदा केलं. आणि कडी असती, कमरेला दोरी असती, तर घसरला तरी लोंबकळला असता, परत ओढून घेतला असता. शिसवी मूठ असती तर कदाचित घसरलाही नसता.

अक्कानं दावं दातानं तोडायला घेतलं. मी खाली उतरले, पोटरीएवढ्या पाण्यात, मला पोहता येत नव्हतं. मी तिचा पदर धरला. ओरडले. पलीकडच्या उसातून एक माणूस पळत येताना दिसला, फार लांब होता. तांबूनं हिसका दिला. काखेतून खांब सुटला. लुगडं जुनेर होतं, ते फाटलं. पदर माझ्या हातात राहिला.

पुढच्या पुलापाशी दावं तुटलं आणि तांबू तिथल्या उतारावरून आपल्या पायांनी वर आली. अक्का त्याहून खाली, कालव्याच्या लोखंडी दारांपाशी सापडली. मला दाखवली नाही. मी मनगट तेवढं बघितलं, पांघरुणाबाहेर राहिलं होतं ते.

सगळ्यांनी विचारलं, काय झालं. मी ट्रकचं सांगितलं, दाव्याचं सांगितलं. चाकूचं सांगितलं नाही. अक्काची सासू आठ दिवस जेवली नाही, "मी बोलले म्हणून तिनं दावं गुंडाळलं," असं म्हणत भिंतीवर डोकं आपटायची. मी समोर बसलेली असायची. तिला मी तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. ती मरेपर्यंत तसंच समजून होती.

आबा मला आणि तांबूला दोघींना घेऊन चालत न्हावऱ्याला आले. भीमेच्या पुलावर थांबून त्यांनी तांबूचं नवं दावं मुठीत आणखी घट्ट धरलं. घरी आईनं तांबूचं दूध तोंडाला लावलं नाही. मी प्यायले. गाईचा त्यात काय दोष.

जेवायला बसलो, की आबा कांद्याचे परत चार भाग करायचे, अक्का नांदायला गेल्यावर तीनच करत होते, आणि एक भाग तसाच राहायचा. तो कुणी उचलायचं नाही. चाकू मिटायचा आवाज मात्र बंद झाला. ते हातानं दाबून, हळूच मिटायला लागले. कधी उठायचं ते आम्हाला कळेनासं झालं.

महिन्याभरानं मी आईला सांगितलं. ती सुपात बाजरी पाखडत होती. चाकू दगडावर ठेवला इथपर्यंत मी आले, तेव्हा तिचे हात थांबले. मग परत पाखडायला लागली. सूप रिकामं झालं तरी पाखडत होती. "मीच शिकीवलं तुमाला," म्हणाली. "कुणाला सांगू नगं." पण तिनं आबांना सांगितलं असणार.

कारण पुढच्या बाजाराला आबा एकटेच तळेगावला गेले. मी पडवीत पाट्या झाडत होते तेव्हा आले. बंडीच्या खिशातून त्यांनी चाकू काढला. तोच, शिसवी मुठीचा, पितळेच्या कडीचा. इतके दिवस कुणी घेतला नव्हता. कडीला सुताची दोरी त्यांनी वाटेतच बांधली असावी. मी सवयीनं जमिनीकडं बघितलं, कुठं ठेवतात ते. ते म्हणाले, "हात पुढं कर." मी केला. त्यांनी चाकू माझ्या पंजात ठेवला, माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली आणि वरून आपला हात बराच वेळ तसाच दाबून धरला. ते रडले नाहीत. "कमरेला बांध," म्हणाले आणि गाईला पाणी दाखवायला गेले.

तो चाकू अजून माझ्या कमरेला आहे. पातं झिजून निम्मं राहिलंय. परवा माझी नात पूनम, जी ठिबकच्या नळ्या बसवायची कामं घेते आणि मोटारसायकलवरून गावोगाव फिरते, ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. तिला रोज खिशात ठेवायला चाकू घ्यायचा होता. मोबाइलात ढिगानं चाकू, रंगीत, चमकणारे. "आज्जे, ह्यो निळा कसाय?"

मी म्हटलं, "कडी हाय का?"

"कडी कशाला? क्लिप हाय की खिशाला लावायला."

"कडी असल त्योच घे."

"तू न् तुझी कडी," म्हणाली, पण कडीवाला मागवला. का ते तिनं विचारलं नाही. म्हणून मी हे लिहून ठेवलं, ती कधी वाचेल तेव्हा वाचेल.

तांबूनं पुढं पाच वेतं दिली आणि गोठ्यातच म्हातारी होऊन मेली. त्या दिवशी घाटावर आम्ही तिघी होतो. गाय जगली, आणि मी जगले.